टाकी ते टाकी

बाबांच्या गाडीच्या कप्प्यात
विम्याच्या कागदाखाली एक शंभर पानी वही असते,
रबरबँड लावलेली.
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये,
आणि शेवटच्या रकान्यात, लाल रिफिलने, ॲव्हरेज.
धायरीच्या पंपावर ते दर वेळी बजावतात:
पहिल्या कटला थांबायचं. राउंड फिगर नको.
पंपावरची पोरं बदलत गेली, वाक्य तेच.

भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं
ते टेस्ट बेंचवर इंजिनं पळवायचे,
कुठेही न जाणारी इंजिनं, हजार हजार तास.
म्हणूनच असेल,
त्यांना रस्त्याचं फारसं कौतुक नाही,
आवाजाचं आहे.

ही गाडी घेतली तेव्हा जो तो म्हणत होता, डिझेल घ्या.
गिजरेकाका तर घरी येऊन बसले:
वीसचं ॲव्हरेज सोडून पेट्रोल? वेड लागलंय का तुम्हाला?
बाबांनी दुधाच्या बिलामागे आकडे मांडले.
डिझेलला लाखभर जास्त.
आपलं फिरणं महिन्याला पाचशे किलोमीटर, वाई धरून.
फरक भरून निघायला तेरा वर्षं.
मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाले,
तेरा वर्षं कोणी बघितलीत? मला एकसष्ट चालू आहे.
पेट्रोल घेतली.

वहीत दुसऱ्या वर्षाचं एक पान आहे.
साडेपंधरा, सोळा, सोळा,
आणि मधेच नऊ पूर्णांक चार.
पुढच्या टाकीला दहा. परत नऊ.
शेजारी बारीक अक्षरात एकच शब्द: मंदा.
त्या थंडीत आई गाडी शिकली, चोपन्नाव्या वर्षी,
तळजाईच्या चढावर, अर्ध्या क्लचवर,
मागे रिक्षावाला हॉर्न बडवतोय
आणि बाबा शेजारी हाताची घडी घालून.
एक अक्षर बोलले नाहीत म्हणे.
बोलायचं ते लाल रिफिलने बोलले.
चौथ्या महिन्यात पंधरा पूर्णांक आठ.
त्याखाली दोन रेघा.

मागच्या वर्षी तेरा वर्षं झाली.
बाबा ठणठणीत.
गिजरेकाकांना फोन लावून म्हणाले,
डिझेलच परवडली असती हो. चुकलंच माझं.
इतके वैतागून,
जणू जिवंत राहिल्याबद्दल दंड बसला.

आज वाकडेवाडीच्या शोरूममध्ये
ओजस नावाचा टायवाला मुलगा सांगतो,
सर, हे तीन सिलिंडरचं इंजिन.
चौथा कुठे गेला?
बाबा बॉनेट उघडायला लावतात,
चालू इंजिनाच्या झाकणावर रुपया उभा करतात.
आमच्या गाडीत तो अजून उभा राहतो,
चौऱ्याऐंशी हजारांनंतरही.
इथे जरा थरथरतो, विचार करतो, पडतो.
ओजस बिचारा वाकून शोधत बसतो.

मग सीएनजी बघा ना सर, खर्चच नाही.
आई पर्समधून शिंप्याची टेप काढते, डिकी मोजते.
टाकी बसवल्यावर उरलेल्या जागेत
तिचा वॉकर आडवा मावत नाही, उभाही नाही.
सीएनजी बाद.

राहिली हायब्रिड.
बॅटरी आणि पेट्रोल आपसात ठरवतात
कोणी कधी ओढायचं.
न भांडता? आई विचारते.
बाबा ब्रोशरच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडतात,
किमतीतला फरक, फिरणं, आजचा भाव.
भागाकार संपतो, पेन्सिल तिथेच राहते.
नऊ वर्षं, ते म्हणतात,
आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.
ओजस गप्प. एसी तेवढा चालू.
कळवतो, म्हणून आम्ही उठलो.

संचेती चौकात लाल. चौऱ्याहत्तर सेकंद.
बाबांनी नेहमीसारखी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.
आईच्या मांडीवर ब्रोशर,
त्यावर गुंडाळलेली टेप.
चाळीस. एकतीस. बावीस.
अकरावर त्यांचा हात किल्लीकडे गेला.
नऊ धरून चालू, म्हणाले,
आणि गाडी सुरू केली.